मेहुण्याचा टॅक्स

२ फेब्रुवारी
सासूबाईंकडे जेवण. मेहुणा ग्रेडी नवा पिकअप ट्रक घेऊन आला. मटार वाढून घेताना सहज म्हणाला, यंदा टॅक्स दुप्पट भरायचाय. सासूबाईंची छाती फुगली. ग्रेडीच्या टॅक्सच्या फॉर्मवर 'व्यवसाय: जुगारी' असं लिहिलेलं असतं. तो पोकर खेळतो. मी घोड्यांवर लावतो. अख्ख्या रिनो शहरात घोड्यांतलं माझ्याइतकं कोणाला कळतं? पण माझ्या फॉर्मवर काय? 'स्कूल बस ड्रायव्हर.' जेवण गेलं नाही. केक दोनदा घेतला.

५ फेब्रुवारी
ठरलं. मीही धंदेवाईक होणार. ग्रेडीला आडून आडून विचारलं. म्हणाला, "दाजी, रोज खेळावं लागतं. सगळं लिहून ठेवावं लागतं. आणि पोट त्यावरच चालावं लागतं. मग पेट्रोलसुद्धा खर्चात धरता येतं." म्हणजे हा इतकी वर्षं पेट्रोल खर्चात धरतोय! आणि माझं पेट्रोल काय पाणी आहे?

११ फेब्रुवारी
वही आणली. चामडी बांधणीची. ग्रेडीची साधी आहे.
हरलो. नोंद मात्र सुरेख झाली.

२० फेब्रुवारी
रोज खेळायचं तर बस आडवी येते. राजीनामा दिला. बायकोला, लॉर्नाला, सांगितलं. म्हणाली, "आणि नोकरीतला विमा?" म्हटलं, ग्रेडीच्या बायकोनं कधी असं विचारलं का? म्हणाली, "ती सोडून गेली, व्हर्नन." हिला विषय बदलायची सवयच आहे.

१४ मार्च
नियमित हरतोय. नियमितपणा हेच धंद्याचं लक्षण. लॉर्नानं हॉस्पिटलात जादा पाळी घेतली. घरी करमत नसेल.

२ एप्रिल
टॅक्सचे फॉर्म भरून देणाऱ्या मिसेस कास्टेलोंकडे गेलो. ग्रेडीचा फॉर्म त्याच भरतात, म्हणून मुद्दाम. म्हटलं, व्यवसाय जुगारी लिहा. बाई म्हणाल्या, "नोकरी सोडलीत यंदा. हा फॉर्म गेल्या वर्षाचा. त्यात तुम्ही ड्रायव्हरच." बरं, मग हरलेले पैसे तरी वजा करा. तर म्हणाल्या, "ते जिंकलेल्या पैशांतून वजा होतात. जिंकलात किती?" प्रश्न विचारायची पद्धत आवडली नाही. ग्रेडीला नक्की खुर्ची पुढे करत असतील. मला कॉफीसुद्धा विचारली नाही.

१० एप्रिल
लॉर्नानं सांगितलं, यंदा ग्रेडीला पत्ते लागत नाहीत. टॅक्स भरायला ट्रक विकला. खूप वाईट वाटलं. संध्याकाळी बाहेर जेवलो.

१५ एप्रिल
सकाळी दारात पिवळी बस थांबली. माझी बस. स्टिअरिंगवर ग्रेडी!
खाली उतरून माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "दाजी, तुमच्यावर किती वर्षं जळत होतो! विमा, पेन्शन, रोज संध्याकाळी घरी. टॅक्सची तर कटकटच नाही, पगारातूनच कापतात. तुम्ही नोकरी सोडलीत असं कळलं आणि लगेच अर्ज टाकला." खिडक्यांतून मुलं त्याला हाका मारत होती. मला त्यांनी कधी हाक मारली नव्हती. लॉर्नानं त्याला डबा दिला.
दुपारी बस डेपोत जाऊन आलो. बदली ड्रायव्हर म्हणून नाव घातलं. ग्रेडी आजारी पडला तर बोलावतील.
मेल्याला साधी सर्दीसुद्धा होत नाही.