आपल्याच गावात पाहुणी

५ फेब्रुवारी

बास्केटबॉलचा उपांत्य सामना धाकटीच्या कॉलेजशी. तोही त्यांच्याच हॉलमध्ये!

म्हणजे आमच्या गावात. म्हणजे माझीच बहीण यजमान आणि मी पाहुणी. मॅडमनी सराव थांबवून सांगितलं तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. जिराफ — आमच्या टीममधली सगळ्यात उंच, दारातून वाकून आत येते — म्हणाली, "कॅप्टन, तुझं बरंय. घरचं जेवण मिळेल." सगळ्या हसल्या, मीही हसले.

खोलीवर येऊन नुसती पडून राहिले. डोळे मिटले की तोच हॉल. वरच्या काचांतून तिरकं ऊन येतं, फळ्यांवर सांडतं, आणि त्यात धुळीचे कण इतके सावकाश फिरतात की चेंडूसुद्धा सावकाश उडतो असं वाटतं. त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा चेंडू धरला तेव्हा तो माझ्या पोटाएवढा होता. धाकटी भिंतीशी बसून माझ्या चपला सांभाळायची.

७ फेब्रुवारी

मॅडमनी स्पर्धेच्या समितीला फोन लावला. सामना मधल्या कुठल्यातरी जागी घ्या, दोघींनाही परका असा हॉल बघा. उत्तर आलं: ज्याचा क्रमांक वरचा, त्याचं मैदान. यजमान कॉलेज आपणहून 'हो' म्हणालं तरच जागा बदलेल.

यजमान 'नाही' म्हणाले. म्हणजे मोठे सर 'नाही' म्हणाले. धाकटीचे कोच तेच. मलाही शिकवलं त्यांनीच, शाळेत असताना. पुढे कॉलेजच्या निवडीत मला घेतलं नाही — उंची कमी. म्हणून मी इथे, परगावी. धाकटी माझ्याहून वीतभर उंच निघाली. तिला घेतलं.

सरांचं म्हणणं मॅडमनी जसंच्या तसं सांगितलं: "आमच्या मुली वर्षभर घाम गाळून पहिल्या आल्या. तो क्रमांक काय भिंतीवर टांगायला?"

चिडायचं ठरवलं होतं. पण हेही काही चूक नाही.

८ फेब्रुवारी

समितीच्या बाई मॅडमना आणखी एक म्हणाल्या होत्या, ते आज कळलं. "गेल्या वर्षी तुमच्या सांगण्यावरून मधल्या हॉलमध्ये ठेवले होते सामने. कोण आलं होतं बघायला?"

कोणी नाही. मला आठवतंय. दिवे लावणारा माणूस, रेफरींचा डबा घेऊन आलेला त्यांचा भाऊ, आणि कुणाची तरी आत्या, ती स्वेटर विणत होती. आम्ही जिंकलो आणि टाळ्या आमच्या आम्हीच वाजवल्या. बुटांचा आवाज इतका मोठा यायचा की मला लाज वाटायची — जणू कुणाच्या झोपलेल्या घरात आपण उड्या मारतोय.

मुलांचे सामने कुठेही ठेवा, माणसं जातात. आम्हाला बघायला माणसं येतात ती आमच्या घरासमोर खेळलो तरच. मग न्याय हवा की माणसं हवीत? दोन्ही का नाही मिळत, हे कुणाला विचारायचं?

११ फेब्रुवारी

धाकटीचा फोन.

"ताई, सर म्हणालेत, तुला मीच अडवायचं."

"अडव की."

"तू डावीकडूनच जातेस, ते मी सांगून टाकलंय त्यांना."

"मग मी उजवीकडून जाईन."

"जाशील कशी? येतंय कुठे तुला उजवीकडून." मग हळूच — "राग धरू नकोस हं."

"मैदानात धरीन. बाहेर आल्यावर सोडीन."

आईनं मागून फोन घेतला. ती कुणाच्या बाजूला बसणार, विचारलं. म्हणाली, "जी पडेल तिच्या." नर्स आहे ना. तिला तेवढंच दिसतं.

१४ फेब्रुवारी

गावात पोचलो. बस आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली आणि मी उतरले नाही! विचित्रच. खिडकीतून बाबांचं चष्म्याचं दुकान दिसलं. बाबा कुणाच्या तरी नाकावर फ्रेम बसवून मागे सरकून बघत होते, चित्र लावल्यावर बघतात तसे. हात करेपर्यंत बस पुढे गेली.

संध्याकाळी हॉलमध्ये थोडा सराव करायला मिळाला. डाव्या कोपऱ्यातली एक फळी अजून तशीच आहे, मेलेली — तिथे चेंडू उसळतच नाही. आमच्या मुलींना दाखवली. दाखवताना कसंतरी झालं. घरातली गोष्ट बाहेर सांगितल्यासारखं.

मोठे सर दाराशी उभे होते. "आलीस? उंची काही वाढली नाही तुझी."

"नाही सर. उडी वाढली."

हसले. पाठीवर हात ठेवणार होते, पण मागे त्यांच्या मुली उभ्या होत्या म्हणून हात खिशात घातला.

१५ फेब्रुवारी

हरलो. दोन गुणांनी.

जमेल तसं लिहिते.

हॉल गच्च. पायऱ्यांवर माणसं, कठड्यावर माणसं. मुलींचा खेळ बघायला इतकी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. आत शिरताना क्षणभर सगळं विसरले — वाटलं, ही आपल्यासाठी आलीयेत. कारण चेहरे सगळे ओळखीचे! औषधवाले काका, आमच्या पहिलीच्या बाई, शिवणाच्या काकू, ज्यांनी माझ्या शाळेच्या स्कर्टला दरवर्षी खालून पट्टी जोडली. मी हसून मान हलवली. त्यांनी मान वळवली. सगळ्यांच्या अंगावर धाकटीच्या कॉलेजचा निळा रंग होता.

बाबा पांढरा शर्ट घालून आले होते. कुणी काही बोलायला नको म्हणून.

मग आवाज सुरू झाला. तो कानांनी ऐकायचा नव्हताच, पायांतून वर चढत होता. मॅडम ओरडत होत्या ते फक्त ओठांवरून कळायचं. जिराफला मी दोनदा हाक मारली, ती माझ्याकडे पाठ करून उभी. रेफरी चांगले होते, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या मुलीला धक्का लागला की आधी हॉल ओरडायचा आणि मग शिट्टी वाजायची. आमच्या मुलीला लागला की हॉल गप्प, आणि शिट्टी किंचित विचारात पडायची. जाणूनबुजून नव्हे. माणूसच आहे तो.

तरी आम्ही सोडलं नाही. शेवटी एका गुणानं मागे होतो. मी उजवीकडून शिरले — हो, उजवीकडून — आणि धाकटी मला आपटली. फाउल. मला दोन फ्री थ्रो मिळाले. म्हणजे समोर अडवायला कुणी नाही, फक्त मी, ओळ आणि बास्केट. दोन्ही गेले की जवळजवळ जिंकलोच.

ओळीवर उभी राहिले आणि सगळा हॉल उठला. हुर्यो, शिट्ट्या, बाकांवर पाय. बास्केटच्या मागे माणसांच्या लाटा हलत होत्या. मला विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं झालं — वर उजेड आहे, कुणीतरी ओरडतंय, पण ते पाण्यावरून येतंय. छान वाटत होतं, असं लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पहिला चेंडू तसाच तरंगत गेला आणि आत पडला. बरोबरी.

दुसऱ्याच्या वेळी नजर चुकली आणि शिवणाच्या काकू दिसल्या. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होत्या, "चुकव! चुकव गं!" माझ्या घरच्या नावानं. ते नाव मला ओठांवर वाचता आलं.

चेंडू कड्यावर आदळला. धाकटीनं उडी मारून पकडला, अख्खं मैदान पळाली आणि टाकला. संपलं.

तिला सगळ्यांनी उचललं. मी खाली बसले होते. ती वरून माझ्याकडे नव्हती बघत, लोकांकडे बघत होती. हसतही नव्हती. दमली असेल.

आई पायऱ्या उतरून आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. पडले नव्हते मी, तरी.

१६ फेब्रुवारी

गुडघा सुजलाय. बाकी ठीक.

१७ फेब्रुवारी

परत येताना एका बातमीदार मुलीनं बसपाशी विचारलं, लोकांमुळे हरलात का? मी म्हटलं, चेंडू माझ्या हातून चुकला. पण मला माझ्या मैत्रिणींचा आवाज ऐकू आला नाही, हेही खरं. अंतिम सामना तरी मधल्या जागी व्हावा. दोघींना सारखं ऐकू यावं.

मॅडमनी तेच समितीला पुन्हा कळवलं. आम्ही तर बाहेर पडलोय, आता आमचा काय फायदा, असंही म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी

छापून आलं. मथळा: 'गावच्या लेकीची गावावर तक्रार'. असं कुठे म्हणाले होते मी!

बाबांचा फोन. गिऱ्हाइकं दुकानात येऊन ऐकवून जातायत. "तू खरं बोललीस," बाबा म्हणाले. "पण जरा हळू बोलली असतीस."

धाकटीचा फोन नाही.

२२ फेब्रुवारी

अंतिम सामन्याची जागा बदलली. तो होणार होता धाकटीच्या हॉलमध्ये, पहिला क्रमांक तिचाच. आता दूरच्या शहरात, मोठ्या थोरल्या हॉलमध्ये. दोघींनाही परका. यजमान कॉलेज 'हो' म्हणालं म्हणे. का, कुणालाच माहीत नाही.

म्हणजे माहीत आहे. सगळे म्हणतायत, मीच केलं. मोठ्या सरांना लाज वाटायला लावली. आई सांगत होती, वॉर्डात एक पेशंट सुई टोचून घेताना म्हणाली, "तुमच्या थोरलीनं धाकटीचं मैदान काढून घेतलं ना हो?" आईनं सुई नीट टोचली. मग बाहेर जाऊन पाणी प्यायली.

हवं होतं तेच झालं. मग असं का वाटतंय?

दुपारी वाचनालयात डुलकी लागली. स्वप्नात धाकटी भिंतीशी बसलेली, मांडीत माझ्या चपला. मी म्हणतेय, दे. ती म्हणतेय, कुणाच्या आहेत ते आधी सांग.

१ मार्च

अंतिम सामना पाहून आले. आई, बाबा आणि मी. गावातून एक बस निघणार होती, पण लांबचा प्रवास, कामाचा दिवस — शेवटी मोजकी माणसं आली. समोरच्या संघाचीही तेवढीच.

एवढा मोठा हॉल! खुर्च्यांच्या रांगाच रांगा, रिकाम्या, पाण्यासारख्या. दिव्यांचा पांढरा उजेड सगळीकडे सारखा. सावली कुणालाच पडत नव्हती. चेंडूचा प्रत्येक ठोका वर छतापर्यंत जाऊन परत यायचा. सुंदर होतं ते, मान्य करते. मुली एकमेकींना हाका मारत होत्या आणि सगळं ऐकू येत होतं. शिट्टी वाजायची तेव्हा ती शिट्टीच असायची, मागे-पुढे काही नाही. याहून नीट सामना मी पाहिलेला नाही.

आणि धाकटी एकटी वाटत होती. दर बास्केटनंतर तिची मान आपोआप वर जायची, बाकांकडे. तिथे कोणी नव्हतं.

मी ओरडायला लागले. आधी लाजत, मग न लाजता. बाबांनी पण तोंडाशी हात धरले. बाबांना ओरडता येत नाही, खोकल्यासारखं होतं. आई टाळ्या वाजवत होती, दोन्ही संघांसाठी.

तीन गुणांनी हरली. घरी खेळली असती तर? तीन गुण म्हणजे काय, काकूंचा एक श्वास.

खाली गेले तर मोठे सर दाराशी होते. मला बघून म्हणाले, "चांगला झाला सामना." एवढंच. आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

धाकटी बसमध्ये जाऊन बसली होती. काचेआडून हात केला. मी काय समजायचं?

४ मार्च

घरी आलेय, दोन दिवस. शिवणाच्या काकू रस्त्यात भेटल्या, बोलल्या नाहीत.

धाकटी आणि मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. मी धीर करून म्हटलं, "चिमे, माझ्यामुळे गेलं तुझं मैदान."

ती चादर झटकत राहिली. "तुझं कोण ऐकतंय ताई? मॅडमचा निरोप आला तेव्हा सर पुन्हा 'नाही'च म्हणाले होते."

"मग?"

"मग मी गेले त्यांच्याकडे. म्हटलं, अख्खं गाव माझ्या बहिणीच्या अंगावर ओरडत होतं आणि मी त्यावर जिंकले. तसं परत नको. कुणाच्याच बहिणीवर नको. टीमला विचारलं. त्यातल्या दोघी रडल्या, पण हात सगळ्यांनी वर केले."

चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं. तिनं दुसरं ओढलं.

"धर ना नीट," ती म्हणाली.