समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या

४ फेब्रुवारी

चि. ठकूस आजीचे आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू होला हो करतेस आणि फोन ठेवून देतेस. कागदाला हो म्हणून सुटता येत नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, लावून वाच. एवढी इंजिनिअर झालीस ती कशाला?

समुद्रावरच्या त्या मासे दाखवायच्या केंद्राच्या दुरुस्तीचं काम तुझ्याकडे आलं, असं तुझी आई म्हणाली. बरं झालं. छप्पर गळतं, खांबांतल्या सळ्या गंजून फुगल्यात, आणि माशांच्या टाक्यांच्या काचा इतक्या आंधळ्या झाल्यात की मासा आपल्याकडे बघतोय का पाठ करून बसलाय ते कळत नाही. ते सगळं पाड नाहीतर बांध, मी विचारणार नाही. पण खाली खडकांतल्या डबक्यांकडे उतरणाऱ्या पायऱ्या म्हणे तू तशाच ठेवणार, आणि वर आजोबांच्या नावाची पितळी पाटी लावणार. हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

तू त्याच्या मांडीवर बसून गोळ्या खाल्ल्यास, मी त्याच्याशी संसार केलाय. गवंडी चांगला होता, पण त्या पायऱ्यांनी त्याची अब्रू घालवली. समुद्रात उतरायच्या पायऱ्या, आणि त्या दिवाणखान्याच्या फरशीसारख्या घोटून ठेवल्या. भरती ओसरली की वर शेवाळाचा थर. त्याला डबा द्यायला गेले ती मीच घसरले पहिली. खुबा मोडला तो मोडलाच. आज बदकासारखी चालते ती त्या पायऱ्यांची कृपा. केंद्रवाल्यांनी त्याला पुन्हा कामाला बोलावलं नाही, बरोबरच केलं. मीही त्याला जन्मभर ऐकवलं. तो मान खाली घालून जेवायचा. बोलायला तोंड होतं कुठे?

आता तिथून शाळेची पोरं तारामासे बघायला उतरणार. एखाद्याचं डोकं फुटलं की वर पाटीवर आपलंच आडनाव. पायऱ्या फोड. आठवण हवी तर भिंतीवर फोटो आहे, तो कुणाला घसरवत नाही.

लोभ आहेच, पण सध्या पायऱ्यांवर अडकलाय.

तुझी
आजी


११ फेब्रुवारी

ती. आजीस ठकूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना माझा चेहरा बघून केंद्रातल्या पंपवाल्याने विचारलं, घरी कुणी गेलं का. मी म्हटलं, अजून नाही, पण माझा नंबर जवळ आलाय.

आजी, पायऱ्या मी नुसत्या मायेपोटी ठेवत नाहीये. त्या मूळ खडकातच बसवलेल्या आहेत. उखडायच्या तर खडक फोडावा लागेल, आणि त्याच खडकाच्या डबक्यांत खेकडे, तारामासे, शंख राहतात. समुद्रातले जीव वाचवा म्हणून पोरांना शिकवायचं आणि त्यासाठी त्या जिवांचीच घरं पाडायची, हे मला जमणार नाही. कठडा लावते, खरखरीत पट्ट्या चिकटवते. आणि आजोबांनी हाताने केलेलं तेवढं एकच काम उरलंय गं. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, त्यांच्यावर नको.

औषध वेळेवर घे, आणि दुसऱ्या पत्रात थोडी कमी तिखट हो.

तुझी
ठकू


१६ फेब्रुवारी

चि. ठकू,

आशीर्वाद गृहीत धर.

खडक फोड असं मी कधी म्हटलं? वरचा तो गुळगुळीतपणा फोड. पट्ट्या चिकटवते म्हणे! खारं पाणी तुझ्या पट्ट्या न्याहारीला खाईल. आणि त्याच्यावर रागवायचं की नाही ते तू मला शिकवू नकोस. तो राग माझा आहे, मी पोसलाय, तुझ्या आईच्या बरोबरीने वाढवलाय. घण घालणार नसशील तर मी रिक्षा करून येते आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर बसून राहते. मग लाव माझ्याच गळ्यात पाटी.

आजी


२ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे हात टेकले. ओहोटी बघून एका पायरीवर घण घालायला लावला. आजी, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

वरचा थर खपलीसारखा निघाला. नुसतं घोटलेलं सिमेंट, बोटभर जाड. खाली काळा दगड, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत छिन्नीने मारलेल्या आडव्या रेघा. इतक्या दाट की ओल्या दगडावर मी अनवाणी उभी राहिले तरी पाय हलला नाही. दुसरी पायरी फोडली, तिथेही तेच.

ते बांधकाम तुझ्या भावाच्या ठेक्यात होतं, म्हणून मामाआजोबांकडे गेले. आधी हसले, मग हसू पुरेना. आजोबा तापाने घरी पडले होते, तेव्हा उद्घाटनाला बडे पाहुणे येणार म्हणून पायऱ्या चकचकीत दिसाव्यात असं मामाआजोबांनी ठरवलं आणि वरून सिमेंट घोटून घेतलं. आजोबा बरे होऊन आले, कडाडून भांडले. नंतर तू पडलीस. मग मामाआजोबांनी त्यांचे पाय धरले, ताईला सांगू नका, ती माझं दार कायमचं बंद करील. आजोबांनी तुझं माहेर तुटू नये म्हणून शब्द दिला.

मलाही मामाआजोबांनी तीच शपथ घातली. मी घरी येऊन हे पत्र लिहिलं.

आजी, काय लिहू पुढे? ये म्हणालीस तर लगेच येते.

तुझी
ठकू


९ मार्च

भाऊ,

नमस्कार, आशीर्वाद यातलं काही लिहीत नाही. ते माणसांना लिहितात.

ठकूने सगळं कळवलं. तिला शपथ घातलीस म्हणे. तीच त्यालाही घातली होतीस, आणि तो गाढव ती पाळत पाळत मेला. पोरगी माझ्यावर गेलीय, तिने नाही पाळली.

मी खुबा धरून खाटेवर पडले होते तेव्हा तू मोसंबी घेऊन यायचास. माझ्या उशाशी बसून माझ्याबरोबर त्याला नावं ठेवायचास. तो मोसंबी सोलून तुझ्या हातात द्यायचा. मला ते आता दिसतंय आणि हात शिवशिवतायत.

माहेर तुटू नये म्हणून म्हणे! मला विचारलं का कुणी? मी तुझ्याशी भांडले असते, तुला दारातून हाकलला असता, आणि राग उतरला की तुझ्याच घरी येऊन जेवले असते. एवढंही मला जमलं नसतं, असं दोघांनी मिळून ठरवलंत. त्याच्या ताटात मी जन्मभर जे वाढलं ते तुझ्या वाटणीचं होतं, आणि तो निमूट गिळत बसला. मी रडत नाहीये, तसा समज करून घेऊ नकोस. मला राग आलाय, आणि त्यातला निम्मा त्याच्यावर. पण मेलेल्या माणसाला बोलावं तर तो आधीसारखाच गप्प.

आता ऐक. ठकूची माणसं ओहोटीला तुझं सिमेंट काढतायत. डबक्यात खडा पडू नये म्हणून खाली गोणपाट धरून काढतात, हळू चालतं. तू रोज जायचंस आणि छिन्नी घेऊन बसायचंस. गुडघे दुखतात ही सबब मला सांगू नकोस, मी माझा खुबा पुढे करीन. तिथल्या बायामाणसांनी विचारलं तर कुणाचं सिमेंट आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. पाटीची गरज नाही, तू पुरेसा आहेस.

शेवटच्या पायरीपर्यंत त्याचा दगड उघडा झाला की कळव. मी येईन आणि काठी न घेता उतरेन. तू माझ्या एक पायरी खाली उभा राहा. घसरले तर तुझ्या अंगावर पडायचंय.

आणि नाहीच घसरले, तर लोभ किती उरलाय ते खाली पोचल्यावर सांगते.

तुझी
थोरली बहीण