पेठच्या घाटासाठी डिझेलची पिकअप

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

आज शोरूममध्ये दोन पिकअप शेजारी उभ्या होत्या, एक डिझेलची, एक पेट्रोलची. मी पेट्रोलची म्हणालो. शहरातल्या शहरात माल पोचवायचा, संध्याकाळी घरी. अण्णा हसला. मोठा भाऊ, त्याच्यापुढे काय बोलणार? "अरे, आपली भाजी पेठवरून येते. भरलेली पेट्रोल गाडी घाटात धाप टाकेल."

बरोबर आहे त्याचं. तीच तर अडचण.

मागच्या पावसाळ्यात त्याच घाटात, उतारावर, जुन्या गाडीचे ब्रेक लागेनात. डोंगराच्या बाजूला घासून कशीबशी थांबवली. अण्णाला सांगितलं, दगड लागला. तेव्हापासून ते वळण आलं की हातांना घाम फुटतो. घाटात नको, एवढं म्हणायला तोंड का उघडत नाही? पण म्हटलं तर गाडी चालवणार कोण? अण्णाला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही.

शेवटी डिझेलच्याच फॉर्मवर सही केली.

घरी आल्यावर बायकोने, सुनीताने, विचारलं, "कोणती घेतली?"

"डिझेलची. घाटात चांगली चढते."

"आणि उतरताना?"

एवढंच विचारून ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे हिला माहीत आहे. कधीपासून? परवा गाडी आणायला मीच जाणार आहे.