लाडवावरची बोटं

जर्मनी

तीर्थरूप बाबा,

सुकन्या इथूनच पाया पडते. मी बरी हाय, जेवण वेळेवर करून राहिले.

तुम्ही विचारलं, तिकडं करतीस काय? डब्यात लाडू दाबून भरले अन् वरून पाणी ओतलं, तर ते फटींतून कसं जाईल, हे कॉम्प्युटरवर बारीक जाळं विणून बघते. दोन लाडू टेकतात तिथंच जाळं बिघडतं. मग सगळेच जरा बारके करते. कुणी कुणाला टेकत न्हाई, काम पुढं जातं.

माझा शिवम आजोबाजवळ निजतो का?

आईच्या तेरवीला येता आलं न्हाई. मी निघताना तिनं बांधून दिलेल्या लाडवांतला एक ठेवलाय. त्यावर तिची बोटं उमटलेली हायेत. रोज त्या खळ्यांत माझी बोटं ठेवते. बरोबर बसतात.

तुमची लेक,
सुकन्या