गाडी उठत नाही

कर्वेनगर, पुणे
१४ नोव्हेंबर २०२२

अहो,

नमस्कार. 'वि. वि.' वगैरे लिहिलं तर तुम्ही ते वन्संना मोठ्याने वाचून दाखवाल, म्हणून नुसताच नमस्कार. पत्र का, असं म्हणाल. तुमचा मोबाइल इथे टेबलाच्या खणात पडून आहे आणि वन्संच्या फोनवर विचारावं तर तुम्ही प्रत्येक वेळी मळ्यात असता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं शेतीचं वेड कुठून लागलं कोण जाणे. पत्र तरी मळ्यात पोचेल अशी आशा आहे.

इकडे सगळं ठीक. सोसायटीने पाण्याची वेळ पुन्हा बदलली. सूचना फलकावर लागली ती पाणी गेल्यावर. बाजारात आवळे आलेत, यंदा मोरावळा घालीन म्हणते. गुडघ्याचं मलम तुम्ही इथेच विसरलात. वाईत मिळत नसेल तर कळवा. साखरेच्या गोळ्या वेळेवर घेता का, हे मी वन्संना विचारणार नाही, तुम्हालाच विचारते आहे.

गाडी खाली जागेवर आहे, कव्हर घातलेली. किल्ली माझ्या कपाटात आहे. अनंत घेऊन जाणार होता, मी म्हटलं राहू दे इथे. रविवारी नेहमीप्रमाणे तुमच्या पायाखालची काथ्याची चटई काढून धुतली, गच्चीवर वाळवली आणि परत घातली. कोणी बसणार नाही म्हणून गाडीत धूळ साठू द्यायची असं थोडंच आहे.

या गाडीचं मला अजून काही कळत नाही. तुम्ही समोर नाही तर निदान कागदावर मांडून बघते.

तुमच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबणं बंद झालं, म्हणून अनंतने हट्टाने ऑटोमॅटिक घ्यायला लावली. दसऱ्याला आणली. दुसऱ्या दिवसापासून तुमचं सुरू झालं की गाडी उठत नाही. ॲक्सिलरेटर दाबतो तर ढिम्म, चढावर तर बैलगाडी बरी. सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी कॉम्प्युटर लावला, वारज्यापर्यंत चालवून आणली, काही दोष नाही म्हणाले. पुन्हा नेली, पुन्हा तेच. तो टाय लावलेला मुलगा तुम्हाला म्हणाला, "काका, गाडी एकदम ओके आहे, थोडी ड्रायव्हिंग स्टाइल चेंज करा." त्यावर तुम्ही त्याला जे ऐकवलंत ते मी विसरायचं ठरवलं आहे. तळमजल्यावरच्या श्यामरावांच्या मते कुठलं तरी बटण दाबायचं राहिलं होतं. बटण दाबून झालं, पेट्रोल पंप बदलून झाला. मग एका रविवारी अनंत आला, चांदणी चौकाचा चढ चढून आला आणि म्हणाला, बाबा, गाडी पळते की. तुम्ही चहा न घेता आत गेलात.

म्हणजे गाडी सगळ्यांच्या हातात पळते आणि तुमच्या हातात उठत नाही. मग मी काय समजायचं? डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं की साखरेने तळपाय बधिर होतात, तपासून घ्या. तुम्ही हसण्यावारी नेलंत. आणि मग तो कर्वे पुतळ्याच्या चौकातला प्रकार. आपण वळणाच्या मध्ये, गाडी रांगते आहे, समोरून बस आलेली. त्या ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून हे पत्र लिहिते आहे. तुम्ही एवढंच म्हणत होतात, "मी पूर्ण दाबला होता."

त्या संध्याकाळी घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. तुमच्या लक्षात आहे, माझ्याही आहे.

आठ दिवसांनी येतो म्हणालात. आठ दिवस झाले. वन्संना नमस्कार.

पद्मजा


कर्वेनगर, पुणे
२२ नोव्हेंबर २०२२

अहो,

आज नमस्कार वगैरे काही नाही, आधी ऐका.

काल रझियाला घेऊन मार्केट यार्डात गेले होते. आमच्या शाळेतली, भूगोल शिकवायची ती. आवळे घ्यायचे होते आणि रिक्षावाल्यांशी हुज्जत घालायची ताकद नव्हती. तिची स्वतःची ऑटोमॅटिक आहे, पण ती मुलगा घेऊन गेलेला. मी म्हटलं, आमची नुसती उभी आहे, हीच काढू. रझिया कशी चालवते तुम्हाला माहीत आहे. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी तिचा पाय तयार.

राजाराम पुलापर्यंतच ती कुरकुरायला लागली. स्वारगेटच्या उड्डाणपुलावर चढताना गाडीचा आवाज वाढला, वेग काही वाढेना. मागचे हॉर्न वाजवून हैराण करत होते. रझिया म्हणाली, "मी पूर्ण दाबलाय, आता काय उतरून ढकलू?" तुमचंच वाक्य, फक्त बाईच्या आवाजात. मग तीच म्हणाली, "थांब, पायाला खाली काहीतरी मऊ लागतंय. हा पूर्ण जातच नाही."

यार्डात गाडी उभी केल्यावर तिने खाली वाकून पाहिलं आणि एक एक वस्तू ओढून बाहेर काढायला लागली. वर माझी काथ्याची चटई. बोहरी आळीतून मापाने कापून आणलेली, चांगली जाड. तिच्याखाली शोरूमने दिलेला गालिचा, तो खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकसकट ठेवलेला. त्याच्याखाली गाडीचं मूळचं रबरी मॅट. आजूबाजूचे हमाल पोती खाली ठेवून बघत होते. रझिया म्हणाली, "पद्मजा, तू गाडीत गादी घातलीस की काय?"

पॅडल त्या ढिगाऱ्यावर टेकत होतं. अर्ध्यावरच. तिने सगळं मागच्या सीटवर टाकलं आणि येताना तीच गाडी त्याच पुलावर अशी चढली की मला दरवाजाची मूठ धरावी लागली.

मी तेवढ्यानेही मान्य करत नव्हते. म्हटलं, असं कसं, सर्व्हिस सेंटरवाल्यांना ते दिसलं नसतं का? आणि बोलता बोलता माझी जीभ अडखळली. गाडी तिथे पाठवण्यापूर्वी ती चटई मीच काढून ठेवत होते. तेलकट बुटांनी खराब करतील म्हणून. दोन्ही वेळा. आणि अनंत आला तो रविवार. रविवारी चटई गच्चीवर वाळत असते. जगातल्या प्रत्येकाला मी मोकळी गाडी चालवायला दिली आणि तुम्हाला तेवढी अडवून.

घरी आल्यापासून मी त्या चटईकडे बघत बसले आहे. हसू का रडू तेच समजत नाही. गाडी नवीकोरी राहावी म्हणून केलं. तुमच्यासाठीच केलं, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला स्वच्छ गाडी हवी होती.

आता ती संध्याकाळ. अनंत त्या दिवशी सहज आला नव्हता. चौकातून घरी आल्यावर तुम्ही अंघोळीला गेलात आणि मी त्याला फोन केला. बाबांची किल्ली काढून घे, माझ्याच्याने होणार नाही, असं मी सांगितलं. तो बिचारा तुमच्यासमोर चाचरत होता, म्हणून शेवटी मीच बोलले. मुलगा आणि सून समोर बसलेले असताना. "तुमचा पाय आता तुमच्या ताब्यात राहिलेला नाही. कोणाचा तरी जीव घ्याल." तुम्ही किल्ली टेबलावर ठेवलीत. ओरडला असतात तर मला बरं वाटलं असतं.

मी चुकले. हे वाक्य मी आपल्या संसारात फारसं वापरलेलं नाही, त्यामुळे नीट लिहिता येत नाही, पण चुकले. आणखी एक आहे, ते लिहायची लाज वाटते. रझियाचा पाय अडला तेव्हा मला पटलं. तुम्ही महिनाभर तेच सांगत होतात तेव्हा नाही. सर्व्हिस सेंटरच्या पोरावर विश्वास ठेवला, श्यामरावांच्या बटणावर ठेवला, तुमच्यावर नाही.

अनंतला सगळं सांगितलं आहे. तो म्हणाला, मी बाबांशी बोलतो. त्याच्यावर रागावू नका, तो माझ्या सांगण्यावरून आला होता.

या आता. किल्ली तुमच्या जागेवर अडकवली आहे. यापुढे गाडीत जिथे जाल तिथे मी तुमच्या शेजारी बसेन आणि एक अक्षर बोलणार नाही. दुसरं वचन पाळणं जड जाईल, पण प्रयत्न करीन.

तुमची वाट बघणारी, आणि या वेळी खरोखर तुमच्या बाजूने असलेली
पद्मजा


वाई
२७ नोव्हेंबर २०२२

सौ. पद्मजा हीस,

तुझं पत्र आलं. चटईचा भाग तुझ्या वन्संना, म्हणजे आनंदीला, वाचून दाखवला. ती हसता हसता खाली बसली. अजून मधूनच स्वयंपाकघरातून तिचं हसू ऐकू येतं. मीही हसलो. हमाल बघत होते हे वाचून तर फारच. तुझ्या स्वच्छतेला या वयात एवढा प्रेक्षक मिळेल असं वाटलं नव्हतं.

अनंतचा फोन आनंदीच्या मोबाइलवर आला. बाबा सॉरी, म्हणाला. मी त्याला म्हटलं, जाऊ दे. मला दोन दिवस फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपण खरे ठरलो की जेवण गोड लागतं. आनंदी म्हणाली, आता ताठ मानेने जा आणि बस गाडीत.

मीही तसंच करणार होतो. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं.

रझियाला पहिल्याच फेरीत कळलं की पायाला खाली काहीतरी मऊ लागतंय. पद्मजा, ते मला महिनाभर कळलं नाही. मी रोज त्याच चटईवर पॅडल टेकवत होतो आणि मला वाटत होतं, हे तळाला लागलं. काथ्या आणि लोखंड यांतला फरक माझ्या पायाने मला एकदाही सांगितला नाही.

आता मळ्याविषयी. आनंदीचा मळा तिने दोन वर्षांपूर्वीच खंडाने दुसऱ्याला कसायला दिला आहे, हे तू विसरलीस. मी इथल्या डॉक्टरांकडे जात होतो. तुझं त्या संध्याकाळचं बोलणं लागलं होतं, पण त्यापेक्षा एक दुसरी गोष्ट आत सलत होती. चौकात मी म्हणालो, पूर्ण दाबला होता. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. दाबला असेल असं मला वाटलं होतं. तसं तुझ्यासमोर कबूल करायची माझी हिंमत नव्हती, म्हणून निघून आलो आणि आनंदीला मळा म्हणून सांगायला लावलं.

डॉक्टरांनी मला आडवं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. पायाला जिथे नायलॉनच्या ताठ दोऱ्याचं टोक टोचेल तिथे 'लागलं' म्हणा, म्हणाले. डाव्या पायाला मी बऱ्याच वेळा लागलं म्हणालो. मग उजव्याला सुरुवात करतील म्हणून मी वाट बघत पडलो होतो. बराच वेळ काही होईना, तेव्हा मी विचारलं, डॉक्टर, सुरू करताय ना? ते म्हणाले, "झालं की."

हे तुझं दुसरं पत्र येण्याआधीचं. तुला कसं कळवावं या विचारात होतो, तेवढ्यात तुझी माफी आली. म्हणजे तुझी चटईही खरी आणि माझा पायही खरा. त्या दिवशी चौकात नेमकं कोणी अडवलं, चटईने की पायाने, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. मी पुष्कळ विचार केला, मला उलगडत नाही. तुला उलगडलं तर सांग.

हे सगळं मी खिशात ठेवू शकलो असतो. डॉक्टर इथले, तुला कळलं नसतं. तू किल्ली अडकवून ठेवली आहेस, शेजारी गप्प बसणार आहेस. पण तू शेजारी बसणार आहेस, म्हणूनच लपवता येत नाही. किल्ली तू काढून घेतलीस तेव्हा मी दिली नव्हती, नुसती टेबलावर ठेवली होती. आज देतो आहे.

उपचार सुरू झाले आहेत. गेलेलं परत येईल असं नाही, पण पुढे वाढू नये यासाठी साखर ताब्यात ठेवायची. तेव्हा मोरावळा घाल, पण माझ्यासाठी बरणी भरू नकोस.

गाडी मात्र उभी ठेवायची नाही. तू रझियाकडे शिकायला जाशील आणि ती तुला वाऱ्यासारखी चालवायला शिकवेल, ते नको. मी शिकवतो. पाय नसला तरी चाळीस वर्षांचा रस्ता माझ्या डोक्यात आहे. सकाळी रहदारी नसते तेव्हा नदीकाठच्या रस्त्याने जाऊ. तू चुकशील, मी ओरडेन, तू गाडी मध्येच थांबवून मला उतरायला सांगशील. चालेल. गुरुवारी दुपारच्या एसटीने स्वारगेटला उतरतो. न्यायला रिक्षाने ये.

रागावलो होतो. आता नाही. घाबरलो होतो, तेही आता थोडं कमी.

यापुढे तुझ्या डाव्या बाजूच्या सीटवर बसणारा,
श्रीनिवास