रस्त्याकडेचा लाल दगड

खोरिखास, नामिबिया
१४ मार्च १९९८

चि. ओतिलीस,
अनेक आशीर्वाद.

आईला गेल्या शनिवारी माती दिली. तुझी तार सगळ्यांसमोर वाचली. तू आली नाहीस याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मावशीने काढला, पण ती कुणालाच सोडत नाही. दोन शेळ्या कापल्या. मी जेवलो, झोपलो, दुसऱ्या दिवशी कुंपण नीट केलं. रडू आलं नाही.

तू मागितलेला दगड सोबत पाठवतोय. घरामागच्या टेकडीचा, लाल. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, ब्राझीलमध्ये दगड संपले काय. म्हटलं, आमच्या बाईसाहेब सहा वर्षं तिथे आपल्या टेकडीचं उरलेलं अर्धं अंग शोधतायत.

आमच्यावर लोभ असतोच तुझा, तो अधूनमधून कागदावर उतरू दे.
तुझा दादा,
हिस्किया

पोर्तो अलेग्रे, ब्राझील
९ जून १९९८

ती. दादास,
ओतिलीचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या दगडाचा अर्धा भाग कापून दळला. वाळूचे कण निवडून एकेकाचं वय काढलं. इथली लाल टेकडी आणि आपली टेकडी एकाच वाळवंटाची, मग जमीन फाटली आणि मधे समुद्र आला, हे मी सहा वर्षं सांगत आले. कण जुळले तर ते सिद्ध होणार होतं. जुळले नाहीत. आपला दगड फारच जुना निघाला, वाळवंटाच्याही कितीतरी आधीचा.

सर म्हणाले, ऑगस्टात प्रबंध द्यायचाय, ते प्रकरण गाळून टाक. ते गाळलं तर उरतं काय? आणि याच कामापायी मी आईला शेवटचं बघायलाही आले नाही. मी बरं म्हटलं आणि खोलीवर येऊन कपडे धुतले. आईचं कळलं त्या दिवशीही कपडेच धुतले होते. आतून काहीच हलत नाही रे.

दगड नक्की वरच्या कड्याचाच होता ना?

लोभ करतोस तसाच करत राहा.
तुझी,
ओतिली

खोरिखास
२ जुलै १९९८

चि. ओतिलीस,
आशीर्वाद.

दगड टेकडीचा नव्हता. खोटं बोललो.

मातीच्या दुसऱ्या दिवशी निघालो होतो, पण पाय वर चढेनात. रस्त्याकडेला हाइत्सी-एइबीब देवाचा दगडांचा ढीग आहे ना, जिथे येणारा-जाणारा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून दगड ठेवतो, तिथला एक लाल दगड उचलला. तिथून दगड काढायचा नसतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी पन्नाशीचा घोडा. त्या दिवशी मला कशाचंच काही वाटत नव्हतं, याचंही वाटलं नाही.

परवा मावशीसमोर कबूल केलं. दगड कसा दिसत होता ते विचारून ती खाली बसली. तो आईचा होता. खाली दक्षिणेत गिबिऑनला आईचं माहेर, लग्नात तिथून आणलेला. पेटीत जपून ठेवायची. तू विमानाला गेलीस त्या सकाळी तिने तो ढिगावर ठेवला, पोरगी सुखरूप परत येवो म्हणून.

काल वरच्या कड्यावर चढलो. सोबतचा हा दगड खरा आहे. गुडघे अजून ओरडतायत.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.
हिस्किया

पोर्तो अलेग्रे
११ ऑगस्ट १९९८

ती. दादास,
सा. न.

नवा दगड जुळला, कणाला कण. सर खूश आहेत, प्रकरण राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी मान डोलावली आणि सही केली.

मग प्रयोगशाळा आवरताना खणात आईचा दगड सापडला, जो दळला नव्हता तो अर्धा. कापलेली बाजू गुळगुळीत आहे. दुसऱ्या बाजूला एक खळगा आहे, आईचा अंगठा तिथे बसत असणार, माझाही बसतो. माझ्या परतीसाठी ठेवलेल्या दगडाचं मी स्वतःच्या हाताने पीठ करून टाकलं दादा. तिथेच फरशीवर बसून रडले. झाडूवाल्या आजींनी पाणी आणून दिलं. पाच महिन्यांनी रडले.

उरलेला अर्धा टपालाने पाठवत नाही. वीस तारखेला प्रबंध देते आणि एकवीसला निघते. माझ्या हाताने तो ढिगावर ठेवायचाय. मावशीला सांग, बोलायचं ते तोंडावर बोल म्हणावं.

लोभ आता समोरासमोरच.
तुझी,
ओतिली