चंदेरी कॅमेराच घेजो

आष्टी, जि. वर्धा
दि. २ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. आकांक्षा बेटा,
अण्णाजी काकाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची हाताला सवय आहे, म्हणून लिहून गेलो. आता खोडत नाही. तुझ्या शकुकाकूच्या गुडघ्यांना थंडी ओसरल्यापासून जरा आराम आहे. बाजारात तुरीच्या शेंगा संपत आल्या. काकूनं हरभऱ्याची भाजी तुझ्यासाठी वाळवली आहे, तिची पुडी सोबतच्या डब्याच्या कोपऱ्यात सापडेल. कॅमेऱ्याला वास लागेल म्हटलं तर म्हणते, "लागू द्या, तेवढीच घराची आठवण."

तुझ्या ऑफिसनं निवडायला दिलेले, नि संक्रांतीला तू वापरून पाहायला माझ्याजवळ ठेवून गेलेले दोन्ही कॅमेरे याच डब्यात आहेत. चारी बाजूंनी सरकी काढलेला कापूस ठासून भरला आहे. कुरिअरवाला डबा उचलून म्हणतो, "काऊन अण्णाजी, पोरीले गादी पाठवून राह्यले का?"

तू फोनवर विचारत होतीस, काका, दोघांतला कोणता घेऊ, आणि बाबांचा तो बाजारातला फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा, मी तोच घेते. मी गडबडीनं फोन काकूच्या हातात दिला. मला ते फोनवर सांगता आलं नसतं. तू मधेच हसली असतीस, आणि तू हसलीस की मी गप्प झालो असतो. तो फोटो तुमच्या पुण्याच्या प्रदर्शनात लागायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून बसलो आहे लिहायला.

पहिले कॅमेऱ्यांचं सांगतो. ते सोपं आहे.

नावं दोघांची लांबलचक, आकडे नि अक्षरं. मी आपला एकाला काळा म्हणतो नि दुसऱ्याला चंदेरी.

काळा हातात छान बसतो. उजव्या बाजूला जो उंचवटा आहे त्यात बोटं अशी रुततात की पट्टा गळ्यात नसला तरी भीती वाटत नाही. वजन आहे, पण संध्याकाळपर्यंत मनगट दुखत नाही. आणि फोकस, काय सांगू तुला. समोरच्या माणसाच्या डोळ्यावर एक बारीक चौकट येऊन बसते, तो वळला, चालला, मधून सायकल गेली, तरी सुटत नाही. बाजारात एका बकरीच्या डोळ्यावरही बसली. मी सारी उमर भिंगाची रिंग फिरवून डोळा धारदार करत आलो. वरमाला घालताना नवरीनं मान हलवली की गेला फोटो, मग तिच्या मामाची बोलणी खा. हा कॅमेरा तेव्हा असता तर माझे केस इतक्या लवकर पांढरे झाले नसते.

काळ्याची खोट काढायची तर एवढीच, की दुकानांतल्या नव्या दिव्यांखाली फोटोवर पट्टे येतात. त्यात शटरचा पडदा म्हणून वस्तूच नाही, म्हणून आवाजही नाही. आवाज हवा असेल तर स्पीकरमधून निघतो म्हणतात, पण तो कुठं चालू करायचा ते मला त्या मेनूच्या जंगलात सापडलं नाही. या गोष्टीवर मी पुन्हा येणार आहे.

चंदेरी साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. हातातून सटकतो. मी पुढच्या बाजूला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून दिला आहे, तुझ्या ऑफिसातले रागावले तर काढून टाक. त्याची चाकं मात्र सारी वर आहेत, जुन्या कॅमेऱ्यासारखी. खिशात हात घातल्या घातल्या अंगठ्यानं सारं लावता येतं. फोकस उन्हात बरा, दिवेलागणीला मात्र शोधत बसतो, पुढं जातो, मागं येतो. आणि फोटो घेतला की आवाज करतो. टक्. चांगला ठसठशीत.

तू मला गच्चीवर बसून शिकवलं होतंस, "काका, रस्त्यावरचा फोटो म्हणजे माणसाला कळायच्या आत घ्यायचा." मी मान हलवली, पण मनात म्हटलं, हे कसं जमावं? माझं दुकान उघडल्यापासून मी "घेऊ का?" विचारल्याशिवाय बटण दाबलं नाही. माणूस पदर सारखा करतो, टोपी बसवतो, शेवटचं बटण लावतो, श्वास धरतो. मग आपण म्हणायचं, "हलू नका." टक् झालं की तो श्वास सोडतो. ही आपली पद्धत.

चंदेरी घेऊन बाजारात गेलो तर तेच झालं. मिरच्या विकणारी छाया म्हणते, "थांबा ना जी अण्णाजी, पदर तर घेऊ द्या." तिनं पदर घेतला तोवर शेजारचे लसूणवाले, चपलांवाले, सारे ओळीनं उभे. शाळेचा ग्रुप फोटो झाला नुसता. कोणी मागून ओरडतो, "अण्णाजी, पासपोर्ट साईज काढजो."

मग पुढच्या बाजाराला काळा नेला. कुणाला पत्ता लागला नाही. कॅमेरा पोटाशी, स्क्रीन वर उचललेली, आणि मी आपला खाली पाहत उभा, जसा काही मोबाईलच पाहतो आहे. पैसे मोजताना जीभ बाहेर काढणारा दुकानदार. लेकराच्या डोक्याचा वास घेणारी बाई. या वयात मला हे येतं याचं मला इतकं सुख झालं बेटा, की घरी येऊन काकूला एकेक दाखवत बसलो. ती म्हणाली, "चोरून काढले का?" मी म्हटलं, पुण्यात यालाच कला म्हणतात.

त्याच्या पुढच्या बाजाराची गोष्ट सांगायची आहे.

तुझे बाबा, आपले रूपराव, चौकात उभे होते. हातात भाजीची थैली, अंगात तो तपकिरी स्वेटर. डावीकडं पाहत, मग उजवीकडं. एक पाऊल टाकत नि परत घेत. ज्या चौकातून त्यांनी जन्मभर संत्र्याच्या गाड्या हाकल्या, जिथून तुमचं घर दोन वळणांवर, तिथं.

चौकट त्यांच्या डोळ्यावर जाऊन बसली. ऊन असं तिरपं होतं की डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसत होतं. आणि मी घेत राहिलो.

तू म्हणशील, तुम्हाला काय माहीत काका, तुम्हाला वाटलं असेल विचारात आहेत. हेच तर तुला फोनवर सांगता आलं नसतं. मला माहीत होतं. दिवाळीच्या आधी रूपराव माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून मलाच विचारत होते, "अण्णाजीचा स्टुडिओ कोठी गेला जी?" मी हसून म्हटलं, "काऊन बे, चष्मा घरी विसरला का?" तेही हसले. पण दोघांनाही ते हसू पुरलं नाही. तुझ्या आईलाही माहीत होतं. संक्रांतीला बाबांनी तुला पुन्हा पुन्हा विचारलं ना, "तू कधी आलीस?" आणि तू म्हणालीस, बाबा किती मजा करतात. अनुसयावहिनी तेव्हा तीळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मीही नाही.

तर चौकात मला एका नजरेत कळलं, की रूपरावांना घर सापडत नाही. चार पावलांवर मी उभा. हाक मारली असती तरी पुरे होतं. आणि माझ्या मनात काय आलं, तेही लिहितो. मनात आलं, असा चेहरा पुन्हा मिळायचा नाही. आकांक्षाला दाखवू. बोट बटणावरून उचललं नाही. आवाज नव्हता, म्हणून मलासुद्धा माझं ऐकू आलं नाही.

मग त्यांनी मला पाहिलं. आधी कॅमेरा पाहिला, मग मला. आणि तुला काय सांगू, तो सारा गोंधळ चेहऱ्यावरून उतरला. थैली खाली ठेवली. टोपी सारखी केली. स्वेटरचं बटण चाचपडलं, हात सरळ खाली, मान ताठ, श्वास धरला. स्टुडिओत उभे राहायचे तसे. घर विसरले, पण फोटोला कसं उभं राहायचं ते विसरले नाहीत.

कॅमेरा पोटाशी तसाच, बटण काही दाबवेना. आणि ते आवाजाची वाट पाहत उभे. बाजार चहूकडून वाहतो आहे, लोकं वळसा घालून जात आहेत, नि हे हलत नाहीत. ओठ न हलवता विचारतात, "झाला का अण्णाजी?"

मी मेनूत आवाज शोधायला गेलो. अक्षरं दिसत नाहीत, पान भलतंच उघडतं. शेवटी जिभेनं टाळूवर टक् केलं. जोरात.

त्यांनी श्वास सोडला. थैली उचलली, माझा हात धरला नि म्हणाले, "चाल, चहा पिऊ. शकुवहिनी वाट पाहत असन." मी त्यांना तुमच्या घरी नेऊन सोडलं. अनुसयावहिनी फाटकातच उभ्या होत्या, पायात चप्पल नाही. मी सांगितलं, बाजारात भेटले, गप्पा मारत होतो.

त्या संध्याकाळी मी तुला फोटो पाठवला, नि खाली लिहिलं, "विचारात पडलेला माणूस." तुझं उत्तर आलं, तुझ्या मित्रांची कौतुकं आली, कुणी लिहिलं की या डोळ्यांत अख्खं आयुष्य आहे. मी ते चहाच्या टपरीवर चारचौघांना वाचून दाखवलं. हेही लिहून टाकतो.

परवा तुझ्या आईनं मला बोलावलं. तू त्यांना तो फोटो पाठवला होतास. मोबाईल हातात धरून म्हणाल्या, "भाऊजी, स्वेटर उलटा हाये यांचा. हा त्याच दिवशीचा ना?" मी हो म्हटलं. फोटो बोटांनी मोठा केला. मग म्हणाल्या, "म्हंजे तुमी तेथंच होते."

एवढंच. त्यानंतर त्यांनी चहा ठेवला, साखर नेहमीसारखी जास्त घातली, पापड भाजून दिला. रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते. चहा प्यालो नि उठलो. निघताना म्हटलं, पोरीला मी लिहितो. म्हणाल्या, "लिवा. मले तिच्याजवळ बोलता नाई येत."

तर हे लिहिलं. पुढल्या आठवड्यात बाबांना सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायचं ठरवलं आहे, गाडीत मी सोबत आहे. डॉक्टर काय म्हणतील ते लपवणार नाही. तुला जमलं तर ये. नोकरी नवी आहे हे आम्हाला कळतं, तरी ये.

कार्डातलं मी काही पुसलेलं नाही. एकामागून एक पाहशील तर मी किती वेळ उभा होतो ते तुला दिसेल. पुसावंसं वाटलं होतं. तो फोटो प्रदर्शनात लावायचा की नाही, हे मी सांगायचा माणूस उरलो नाही. तुझे बाबा आहेत, तू ठरव. मला विचारशील तर, त्यांनी तो चेहरा कुणाला दाखवायला दिलेला नव्हता. मी घेतला.

आणि कॅमेरा. काळा सरस आहे, यात वाद नाही. पकड चांगली, फोकस चांगला, तुझ्या कामाला तोच शोभेल. पण तू चंदेरी घेजो. कारण असं आहे, की रूपराव आता रोज माझ्या पायरीवर येतात. मधलं पुष्कळ काही निसटतं त्यांचं, माझं नावही कधी कधी. पण एक गोष्ट ते विसरलेले नाहीत, कशी ते मला विचारू नको. येतात नि म्हणतात, "अण्णाजी, तो बाजारातला फोटो झाला का धुवून? टोपी घालून काढला तो."

मी रोज म्हणतो, उद्या देतो.

तो फोटो नाही माझ्याजवळ. जिभेनं टक् केलं, तेवढंच होतं ते. तू ये, त्यांना अंगणात उभं कर, विचार "बाबा, घेऊ का?" टोपी सारखी करू दे, स्वेटर सरळ घालून दे, आणि आवाज होऊ दे. फोकस जरा शोधत बसला तरी हरकत नाही, ते हलणार नाहीत.

हाक मारायची सोडून त्या चौकात बटण दाबत उभा राहिलेला,
तुझा
अण्णाजी काका